पोरीला भरती अकॅडमीत घालताय? आधी उंची मोजून घ्या (दोन अकॅडम्यांचा अनुभव, मोठा आहे पण वाचा)

माझी धाकटी बहीण आता १९ वर्षांची आहे आणि गेलं दीड वर्ष ती आर्मी-पोलीस भरतीच्या मागं आहे. पहिले पाच महिने एका अकॅडमीत होती, ती सोडली, मग दुसरीत घातली, तिथं ती आजही आहे. दोन्हीची फी मी भरलीय, दोन्हीकडं मी स्वतः जाऊन राहून आलेय, मेसमध्ये जेवलेय, पहाटे ग्राउंडवर उभी राहिलेय. नावं लिहीत नाहीये. पहिलीत अजून आमच्या गावच्या तीन पोरी आहेत, त्यांना त्रास नको, आणि दुसरीचं नाव लिहिलं तर पहिली कुठली ते तालुक्यात कुणालाही लगेच कळेल. सांगली-सातारा पट्ट्यातल्या आहेत एवढं पुरे. आपल्या भागात दर दहा किलोमीटरला एक अकॅडमी आहे त्यामुळं नावापेक्षा काय बघायचं हे कळणं जास्त कामाचं आहे असं मला वाटतं.

तर पहिली अकॅडमी. हायवेलाच मोठा फ्लेक्स, त्यावर वर्दीतल्या पोरींचे फोटो, खाली लिहिलेलं मुलींसाठी अग्निवीर स्पेशल बॅच. सहा महिन्यांची फी हॉस्टेल-मेस धरून ६५ हजार, सगळी आधी. बहिणीला लहानपणापासून आर्मीचंच वेड, पोलीस भरती कर म्हटलं की तोंड पाडायची, त्यामुळं फ्लेक्स बघितल्यावर तिचं ठरलंच होतं. सर स्वतः आर्मीतून रिटायर, बोलायला एकदम भारी, म्हणाले ताई तुम्ही निर्धास्त जावा, पोरगी मिलिटरी पोलीसमध्ये लागली म्हणून समजा. मी पण पैसे ट्रान्सफर करून पुण्याची गाडी पकडली.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मला पण तेव्हा माहीत नव्हतं. अग्निवीरमध्ये आर्मीत मुलींना सगळीकडं घेत नाहीत. पोरगा असेल तर जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क, ट्रेड्समन असे बरेच रस्ते आहेत, पोरगी असेल तर मिलिटरी पोलीस, म्हणजे आर्मीच्या आतलेच पोलीस. त्याला उंची लागते १६२ सेंटिमीटर. १६०ला नाही, १६१ला नाही. १.६ किलोमीटर रनिंग ८ मिनिटांच्या आत, १० फूट लांब उडी, ३ फूट उंच उडी, हे सगळं मेहनतीनं होतं, पण उंची मेहनतीनं होत नाही.

आणि पाच महिने त्या अकॅडमीत कुणीही माझ्या बहिणीची उंची मोजली नाही.

अॅडमिशनच्या फॉर्मवर उंचीचा रकाना होता, तिनं शाळेत कधीतरी मोजलेली अंदाजानं १६३ लिहिली, सरांनी फॉर्म बघितला, सही केली, विषय संपला. पाचव्या महिन्यात मॉक मेडिकल घेतलं तेव्हा भिंतीला उभी केल्यावर १६०.३ आली. तिला वाटलं चुकून झालं, परत मोजली, परत तीच. सवलत म्हणावी तर घरात कुणी सैनिक नाही, आम्हाला कुठलीच लागू होत नव्हती. मी फोन केला तर सर म्हणाले काय टेन्शन घेऊ नका, रोज अर्धा तास बारला लटकायला लावतो, ताडासन करायला लावतो, दोन सेंटिमीटर सहज वाढते. १८ वर्षांची पोरगी! मी एका डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या या वयात मुलींची उंची वाढायची थांबलेली असते. तोवर ती तीन आठवडे बारला लटकत होती, व्हिडिओ कॉलवर तळहात दाखवले तर चार फोड, दोन फुटलेले, आणि वर म्हणतेय दीदी थोडं वाढलंय असं वाटतंय. त्या दिवशी रात्री मला झोप आली नाही. पैशाचं राहू द्या, पोरीचे पाच महिने गेले आणि तिला कुणी खरं सांगितलं नाही, उलट आशेला लावलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

बाकीच्या गोष्टी पण तिथं गेल्यावरच कळल्या. मी एकदा दोन दिवस राहिले होते. सकाळी मेसच्या लाइनमध्ये उभी होते, पोरांच्या ताटात दोन दोन उकडलेली अंडी पडत होती, पोरींच्या ताटात एक. मला वाटलं संपली असतील. वाढणाऱ्या काकांना विचारलं तर म्हणाले मुलींना एकच असतंय. का? तर म्हणे त्यांना कुठं एवढं लागतंय. फी सारखीच, बरं का. पोरांचे पण ६५, पोरींचे पण ६५. रनिंग पोरींना पण आहे, गोळाफेक पोरींना पण आहे, आणि रक्त कमी कुणाच्या अंगात असतं आपल्याकडं, पोरींच्याच ना. मी ऑफिसमध्ये जाऊन बोलले तर सर हसत म्हणाले ताई अंड्यावरून काय भांडताय. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या ताटात दोन आली, बाकीच्या पोरींच्या ताटात एकच. बहिणीनं ते दुसरं अंडं खाल्लं नाही, शेजारच्या पोरीला दिलं.

ग्राउंडचं पण तसंच. पोरांची बॅच पहाटे पाचला, पोरींची साडेसहाला, कारण काय तर गर्दी होते. एप्रिलमध्ये साडेसहाला सुरू करून आठपर्यंत पळायचं म्हणजे ऊन डोक्यावर येतंय. शूज अकॅडमीच्याच दुकानातून घ्यायची सक्ती आणि तिथं सगळ्यात लहान नंबर ६, तो पण पोरांच्या मापाचा रुंद. माझ्या बहिणीला ४ नंबर लागतो. दोन दोन मोजे घालून पळायची, दीड महिन्यात नडगी दुखायला लागली ती आजही मधूनमधून दुखते. पोरींचं टॉयलेट ग्राउंडपासून लांब हॉस्टेलमध्ये, ग्राउंडवर काहीच नाही, त्यामुळं पोरी पहाटे पाणी प्यायच्या नाहीत. पाणी न पिता दीड तास पळायचं. आणि पाळीच्या दिवसात पोटात दुखतंय म्हटलं की सर म्हणायचे मग जा घरी, आर्मीत असलं चालत नाही. सांगायला एकही बाई नाही, वॉर्डन म्हणून सरांच्या नात्यातली एक आजी होती, ती बिचारी फक्त कुलूप लावायची.

सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत. एक स्टार पण द्यायची इच्छा नाही.

दुसरी अकॅडमी मला गावातल्या एका वहिनींनी सांगितली, त्यांची नणंद तिथून पोलीसमध्ये लागलीय. ना फ्लेक्स ना काही. एका जुन्या शाळेच्या दोन खोल्या, मागं पत्र्याचं हॉस्टेल, समोर मोठं ग्राउंड. चालवणाऱ्या मॅडम सीआरपीएफच्या, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या, महिला बटालियनमधून रिटायर झालेल्या. १९८६ साली सीआरपीएफनं देशातली पहिली महिला बटालियन उभी केली, ८८ नंबरची, मॅडम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागल्या पण त्या पहिल्या बायकांच्या हाताखाली शिकल्या असं त्या अभिमानानं सांगतात. २००७ला युनोच्या मिशनवर लायबेरियाला सगळ्या बायकांचीच एक भारतीय तुकडी गेली होती, त्यात सीआरपीएफच्याच बायका होत्या, त्या तुकडीचा फोटो मॅडमनी ऑफिसात लावलाय. स्वतःचा एकही लावलेला नाही.

आम्ही गेलो तेव्हा मी बॅग खाली ठेवून फीचं विचारायला लागले तर मॅडम म्हणाल्या थांबा ताई, चप्पल काढ गं बाळ, इकडं ये. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं रेघा मारलेल्या, १५२, १५५, १५७, १६२. तिला उभं केलं, टाचा चौकटीला लावून, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून. १६०.३. मग आम्हाला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं आणि सरळ सांगितलं की अग्निवीर मिलिटरी पोलीस तुला होणार नाही, कितीही पळालीस तरी होणार नाही, त्यामुळं ते आज इथंच सोड. एसएससी जीडीला, म्हणजे केंद्राच्या निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीला, ओपनच्या मुलींना १५७ लागते, तिथं तू बसतेस, बीएसएफ सीआयएसएफ सीआरपीएफ सगळं त्यात आलं. महाराष्ट्र पोलीसला पण उंचीत बसतेस. एनडीएला, म्हणजे खडकवासल्याच्या ऑफिसर ट्रेनिंगच्या अकॅडमीला, मुलींना १५२ चालते पण त्याला बारावीचं गणित पक्कं लागतं, मी ते शिकवत नाही, ते करायचं असेल तर नाशिकला सरकारनं २०२३ पासून मुलींची सैनिकी सेवापूर्व संस्था काढलीय तिकडं बघा, आता तुझं वय पण बघावं लागेल. बहीण रडली. मॅडमनी तिला रडू दिलं, मध्ये काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या विचार करून दोन दिवसांनी या, आज पैसे देऊ नका. एका जागेवर पाच मिनिटांत जे कळलं त्याला तिकडं पाच महिने लागले होते.

फी महिन्याला साडेसात हजार, मेस धरून, महिन्याच्या महिन्याला. सोडायचं असेल तर सोडा.

मेसमध्ये सगळ्यांना सारखं. अंडी दोन, नको असेल त्याला केळी आणि शेंगदाण्याचा लाडू. पहिल्याच आठवड्यात सगळ्या नवीन पोरींना आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन चेक केलं, फुकटात होतं ते, माझ्या बहिणीचं ९.२ निघालं. म्हणजे पाच महिने ही ९ हिमोग्लोबिनवर पळत होती आणि टायमिंग लागत नाही म्हणून शिव्या खात होती! गोळ्या सुरू केल्या, चार महिन्यांनी ११.८. टायमिंग आपोआप खाली आलं. प्रत्येक पोरीकडं एक वही असते, त्यात रोजचं रनिंगचं टायमिंग आणि शेजारी पाळीची तारीख. मॅडमचं म्हणणं असं की ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख आपल्या हातात नसते, ती कुठल्याही दिवशी येऊ शकते, त्यामुळं त्या दिवशी आपलं शरीर किती पळतं ते आधी माहीत पाहिजे. ज्या दिवशी जास्त त्रास आहे त्या दिवशी सुट्टी, कुणाला कारण सांगायची गरज नाही, वहीत खूण करायची बस. पाणी प्यायलं का हे मॅडम स्वतः विचारतात. ग्राउंडच्या कडेला पोरींसाठी टॉयलेट बांधलंय, आत बादली, साबण, पॅडचा डबा. छोटी गोष्ट वाटेल वाचताना पण ज्यांनी तिकडचं बघितलंय त्यांना विचारा.

पोरं पण आहेत तिथं, कमी आहेत, तीसेक. ग्राउंड पाचलाच, सगळ्यांना एकत्र. पोरांचा गोळा ७.२६० किलोचा, पोरींचा ४ किलोचा, तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला खांद्यावर पण नीट धरता आला नाही. मॅडम गोळा शिकवताना पहिले आठ दिवस फेकू देत नाहीत, नुसता बोटांच्या मुळाशी धरून मानेला लावून चालायला लावतात. माझ्या बहिणीच्या मानेवर त्या जागी काळसर डाग पडलाय, ती तो लग्नात पण ओढणीनं झाकत नाही.

आता मुख्य विषय, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा रात्री जेवणानंतर पोरापोरींमध्ये वाद रंगला होता. एक पोरगा, चांगला आहे तसा, हुशार आहे, तो म्हणाला की पोरींना टायमिंग जास्त, गोळा हलका, महाराष्ट्रात ३० टक्के जागा राखीव, आणि वर समानता पाहिजे म्हणता, उद्या युद्ध झालं आणि सरकारनं सक्तीची भरती काढली तर तुम्ही येणार का? युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला बंदी केली, बायकांना नाही केली, तेव्हा कुठं गेली समानता? पोरी चिडल्या, दोघी तिघी एकदम बोलायला लागल्या.

मॅडमनी कुणालाच गप्प केलं नाही. आतून पॉलिटीचं, म्हणजे राज्यघटनेचं, पुस्तक आणायला लावलं आणि कलम २३ काढायला सांगितलं. मी हे आयुष्यात कधी वाचलं नव्हतं म्हणून लक्ष देऊन ऐकलं. कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं, पण त्याच्याच दुसऱ्या भागात लिहिलंय की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, आणि ती लावताना धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. मॅडम म्हणाल्या परत वाचा, यात काय नाही? एक पोरगी म्हणाली लिंग नाही. बरोबर. नोकरीच्या कलमात, कलम १६ मध्ये, लिंग आहे, इथं नाही. मग ५१क काढलं, मूलभूत कर्तव्यं, त्यात आहे की आवाहन केलं जाईल तेव्हा देशाचं रक्षण करणं आणि राष्ट्रसेवा करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. प्रत्येक नागरिकाचं. पुरुषाचं असं लिहिलेलं नाही. आणि मग मॅडमनी १९५० च्या आर्मी अॅक्टचं कलम १२ तोंडी सांगितलं, की केंद्र सरकार ज्या शाखांसाठी नोटिफिकेशन काढेल तेवढ्या सोडल्या तर स्त्रीला सैन्यात भरती होता येत नाही. म्हणजे कर्तव्य सगळ्यांचं आणि दार मात्र नोटिफिकेशन निघेल तेवढंच उघडणार.

त्या पोराला मॅडम म्हणाल्या, तुझा प्रश्न चांगला आहे पण तू तो या पोरींना विचारू नकोस, त्यांनी कधी नको म्हटलंय? १९९२ पर्यंत बायकांना नर्स आणि डॉक्टर सोडून आर्मीत ऑफिसर होता येत नव्हतं. साधी सैनिक म्हणून बाई घ्यायला २०१९ उजाडलं, मिलिटरी पोलीसच्या १०० जागा काढल्या तर जवळपास दोन लाख मुलींनी अर्ज केले, त्याची पहिली रॅली इथं बेळगावलाच झाली होती. पहिल्या बॅचच्या ८३ जणी २०२१च्या मेमध्ये बेंगळुरूमधून बाहेर पडल्या. दोन लाख पोरी दारात उभ्या आहेत तिथं सक्ती कुणावर करायची?

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण मी पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथं आमचा क्लायंट नॉर्वेचा आहे आणि तिकडच्या एका सहकारी बाईंची मुलगी सध्या तिकडच्या सक्तीच्या सैनिकी सेवेत आहे. मी त्यांना एकदा विचारलं होतं. नॉर्वेनं २०१५ पासून मुलामुलींना सारखाच कायदा लावलाय, १९९७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींना तो लागू झाला आणि २०१६ला पहिल्या मुली या कायद्यानं आत गेल्या. युरोपात शांततेच्या काळात असं करणारा तो पहिला देश. १७व्या वर्षी मुलगा असो मुलगी असो ऑनलाइन फॉर्म भरावाच लागतो, त्यातून निवडून पुढच्या चाचणीला बोलावतात, आणि शेवटी त्या वयाच्या सगळ्यांपैकी थोडेच जण घेतात, इच्छा आहे का हे पण बघतात, त्यामुळं नावाला सक्ती असली तरी ज्याला जायचंय तो बहुतेक जातो. मुलंमुली एका खोलीत राहतात. माझ्या सहकारी बाई म्हणाल्या होत्या की फॉर्म आला तेव्हा त्यांच्या घरात कुणाला त्याचं काही वाटलंच नाही, मुलीला यायचाच होता. नंतर स्वीडननं तेच केलं आणि आता २०२५ला डेन्मार्कनं पण, तिकडं सेवेला कुणी जायचं याची लॉटरी काढतात, त्यात १८ वर्षांच्या मुली पण आल्या. इस्रायलमध्ये तर देश झाल्यापासून मुलींना आहे, आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यू घरांतल्या मुली पण जातात, ज्यांच्या आज्या घरात मराठी बोलायच्या.

सक्ती चांगली का वाईट यावर मी इथं भांडत नाही, मला स्वतःला कुणावरच सक्ती नको वाटते, ना पोरावर ना पोरीवर, आणि आपल्या देशात ती नाही याचं मला बरंच वाटतं. पण त्या देशांत पत्र घरी येतं आणि आपल्याकडं पोरगी स्वतःच्या पायानं जाते, आईवडिलांशी भांडून जाते, बहिणीच्या पगारातून फी भरून जाते, आणि तिथं तिला एक अंडं कमी मिळतं. मग कुणीतरी तिलाच विचारतं की सक्तीच्या वेळी येशील का. आधी तिला नीट आत तर येऊ द्या. ऑगस्ट २०२१ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला म्हणून मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसता आलं, २०२२ला खडकवासल्याला पहिल्या १९ मुली गेल्या आणि ३० मे २०२५ला त्यातल्या १७ पास आऊट झाल्या, मी त्या दिवशी ऑफिसात मोबाईलवर परेड बघत होते आणि खरंच रडले. पण एका कोर्सला साधारण ३७० कॅडेट घेतात त्यात या १९ होत्या हे पण लक्षात असू द्या.

टायमिंगवरून तो पोरगा जे बोलला त्यावर पण मॅडमचं उत्तर मला पटलं. म्हणाल्या सवलत म्हणून बघू नकोस, पोलीस भरतीचं ८०० मीटर जोरात पळलेल्या पोरीची नाडी आणि त्याच भरतीचं पोरांचं १६०० पळलेल्या तुझी नाडी, दोन्ही मोज, मग बोल. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी खरंच दोघांच्या मनगटावर बोट ठेवून मोजायला लावली. पोराची १७८, पोरीची १८४. तो काही बोलला नाही पण त्या दिवसापासून पोरींच्या रनिंगला टायमर धरायला तोच उभा राहतो.

आता या दुसऱ्या अकॅडमीत सगळं चांगलंच आहे असं नाही. गणिताचे सर वर्षात तीन बदलले, लेखीची तयारी कच्ची आहे, रीझनिंग माझी बहीण मोबाईलवरच करते. हॉस्टेलचा पत्रा मे महिन्यात तापतो, पोरी रात्री अंगणात झोपतात. पाण्याची बोंब आहे, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा टँकर. एसटी स्टँडपासून अकॅडमीपर्यंत रस्त्याला लाइट नाही, संध्याकाळी पोहोचणार असाल तर आधी फोन करा, मॅडम कुणालातरी घ्यायला पाठवतात. मोबाईल दिवसाला फक्त वीस मिनिटं, मला आधी राग यायचा, आता सवय झालीय. आणि एक तक्रार मॅडमना तोंडावर पण सांगितलीय, पोरींच्या पालकांना महिन्याला भेटायला बोलावतात आणि पोरांच्या पालकांना नाही, पोरांना पण कुणीतरी भेटायला यावं की. मॅडम म्हणाल्या बरोबर आहे तुमचं, बघू.

ऑगस्टमध्ये सगळ्यांना अपशिंगेला नेलं होतं, साताऱ्याजवळ, मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक आहे तिथं. बहीण सांगत होती की तिथल्या एका म्हाताऱ्या आजींनी पोरींच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आमच्या वेळी बायका नुसत्या पत्राची वाट बघायच्या गं.

मी चार स्टार देते. लेखीचे सर टिकले तर पाच.

तुम्ही जर पोरीला कुठल्याही अकॅडमीत घालणार असाल तर माझं एवढं ऐका, फ्लेक्स बघून जाऊ नका, पहाटे पाचला जा. ग्राउंडवर पोरी किती वाजता येतात ते बघा, टॉयलेट किती लांब आहे ते स्वतः चालून बघा, नाश्त्याला पोरीच्या ताटात काय पडतं आणि शेजारच्या पोराच्या ताटात काय पडतं ते बघा. मुलींसाठी कोण बाई आहे, तिला रात्री फोन लागतो का ते विचारा. सगळी फी आधी देऊ नका. आणि घरून निघायच्या आधी भिंतीला उभी करून, टाचा टेकवून, उंची मोजा, शाळेतल्या जुन्या आकड्यावर जाऊ नका, आणि ज्या भरतीचं बोलताय तिची जाहिरात स्वतः उघडून उंचीचा रकाना वाचा.

बहिणीचं आता असं आहे की एसएससी जीडीचा फॉर्म भरलाय आणि पोलीसची पण तयारी सुरू आहे. पोलीसला ८०० मीटरला पैकीच्या पैकी २० मार्क पाहिजेत तर २ मिनिटं ५० सेकंदांत मारावं लागतं. पहिल्या अकॅडमीतून निघाली तेव्हा तिला ३ मिनिटं ४० सेकंद लागायचे. काल रात्री तिच्या वीस मिनिटांत फोन आला होता, ३ मिनिटं ०४ सेकंद झालं म्हणाली, त्याच पोरानं टायमर धरला होता.